बाईंचा खण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडून उभी राहिले तेव्हाही नाही — तिथे मी नेहमी दुसरंच काहीतरी मागून बाहेर पडते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि म्हणूनच कदाचित मैत्रिणीशी बोलावं तसं तुमच्याशी बोलता येईल. जमेल का? बघू. याआधी दोनदा लिहायला बसले होते. दोन्ही वेळा अर्ध्यावर उठले आणि कुकर लावला.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं समजेल. ठाण्याला, नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. शाळांची आणि क्लासेसची पुस्तकं, प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, तपासून घ्यायच्या, छपाईला तयार करून द्यायच्या, हा आमचा धंदा. मी तिथली कॉम्प्युटर सांभाळणारी. कार्डावर पदाचं नाव भारदस्त आहे, पण ऑफिसात सगळ्यांना एवढंच ठाऊक — सुजाताला विचार. प्रिंटर अडकला, सुजाता. नेट गेलं, सुजाता. आणि सर्व्हर तर काय, सुजाताने जणू माहेरून आणलेला.

त्या सर्व्हरवर प्रत्येकाला त्याचं स्वतःचं फोल्डर करून द्यायचं, हे माझ्याकडे. घरी बसून प्रुफं तपासणारी सात-आठ माणसं आमच्याकडे होती. त्यांना फाइल मेलने पाठवायची नाही, पेनड्राइव्हवर द्यायची नाही, असा आमच्या प्रधान सरांचा दंडक. प्रश्नपत्रिका असतात ना. मग प्रत्येकाला एक नाव, एक पासवर्ड, आणि सर्व्हरवर फक्त त्याचं असं एक फोल्डर. आम्ही त्यात फाइल ठेवायची, त्याने घरच्या कॉम्प्युटरवर ती उतरवून घ्यायची, तपासायची, पुन्हा तिथेच आणून टाकायची. दुसऱ्याचं फोल्डर त्याला नुसतं दिसतासुद्धा कामा नये. कोण काय बघेल, कोण बदलेल, कोण पुसेल, हे ठरवायला एक यादी असते आणि यादीत बारीक बारीक चौकटी. चौकटीत खूण केली की दार उघडं, खूण काढली की बंद. एवढंच.

एवढंच म्हणते आहे खरी.

सबनीस बाई कल्याणच्या. उभा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे गणिताची प्रुफं तपासायला लागल्या. गणिताचं प्रुफ म्हणजे नुसत्या वेलांट्या-उकार नव्हेत, प्रत्येक उदाहरण सोडवून बघावं लागतं. इतर लोक दोन-चार सोडवतात आणि बाकीच्यांवर विश्वास ठेवतात. बाई सगळी सोडवायच्या — पेन्सिलीने, पाठकोऱ्या कागदावर, उत्तराखाली दुहेरी रेघ मारून. त्या दुहेरी रेघेचा मला फार धाक वाटायचा. अजून वाटतो.

आधी त्या कागदावरची प्रुफं पिशवीत घालून घेऊन जायच्या. मग मी ही फोल्डरची पद्धत सुरू केली आणि बाई घाबरल्या. कॉम्प्युटर घरी होता, नातीसाठी घेतलेला, पण त्याला हात लावायचा म्हणजे त्यांना कुणा पाहुण्याची पर्स उघडल्यासारखं वाटायचं. मला म्हणाल्या, "मला वगळ गं यातून. माझं वय आहे का हे?" मी हट्टाने म्हटलं, बाई, मी शिकवते. मी राहते ठाकुर्लीला, कल्याण तिथून पुढचंच स्टेशन. सलग तीन रविवार सकाळी मी त्यांच्याकडे गेले. जुन्या बाजाराच्या मागे त्यांचं घर, जिना चढताना खालच्या दुकानातल्या धण्या-मिरच्यांचा ठसका लागायचा. शिकवण्याआधी मला थालीपीठ मिळायचं आणि शिकवून झाल्यावर चहा.

बाईंनी शंभर पानी वही घातली होती. मी सांगायचे आणि त्या लिहून घ्यायच्या, आकडे घालून, शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात. 'एक. निळ्या बाणावर दोनदा टिचकी. दोन. नाव लिहिणे. तीन. पासवर्ड — दिसत नाही, ठिपके येतात, घाबरू नये.' हे 'घाबरू नये' त्यांनी आपणहून लिहिलेलं. मग खिडकी उघडते, तिचे दोन भाग. डावीकडे आपलं घर, उजवीकडे ऑफिस. डावीकडची फाइल माउसने धरायची, ओढत उजवीकडे न्यायची आणि सोडायची. पहिल्यांदा फाइल गेली तेव्हा बाई खुर्चीतून उठल्या. "गेली! अगं, गेली की!" आतून नात धावत आली — रुचा, तेव्हा आठवीत. आजीला नाचताना तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

फोल्डर हा शब्द बाईंना कधी आवडला नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत एक मोठं कपाट होतं म्हणे, त्यात प्रत्येकाचा एक खण. "म्हणजे हा माझा खण," त्या म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे. जादाची किल्ली हेडमास्तरांकडे. म्हणजे तुझ्याकडे." आम्ही दोघी हसलो होतो. पुढे दोन वर्षं, दर वेळी फाइल टाकली की बाईंचा फोन यायचा. हॅलो नाही, काही नाही. "पोचली का गं खणात?" मी बघून सांगायचे, पोचली बाई. मगच त्या जेवायला बसायच्या. ऑफिसात माझी चेष्टा चालायची — सासूचा फोन आला बघ. मी वरवर कंटाळा दाखवायचे. आतून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

आता माझी युक्ती. हो, युक्तीच म्हणायचे मी तिला, आणि मला तिचा अभिमानही होता. नवा माणूस आला की त्याच्यासाठी तीस-पस्तीस चौकटी एकेक करून भरायच्या असतात. मी ते करत नसे. जुन्या माणसाच्या खात्याची नक्कल काढायची, वर नवं नाव घालायचं, नवं फोल्डर जोडायचं आणि जुन्याच्या फोल्डरवरची खूण काढून टाकायची. अर्ध्या तासाचं काम दोन मिनिटांत. शेवटची खूण तेवढी विसरायची नाही. ती विसरली तर नव्या माणसाला स्वतःचं फोल्डर दिसणार आणि शेजारी जुन्याचंही. पण मी कशाला विसरेन?

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एका क्लासचं मोठं काम होतं. नाव सांगत नाही. ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणात त्यांच्या शाखा. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर आम्ही तयार करायचे आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी प्रत्येक शाखेने आपल्या फोल्डरमधून उतरवून तिथेच छापून घ्यायचे, असं ठरलं. म्हणजे तीन नवी खाती. ठाण्याचं केलं, डोंबिवलीचं केलं. कल्याणचं करायला घेतलं तेव्हा समोर यादीत सबनीस बाईंचं नाव होतं. कल्याण म्हणून डोळा तिथे गेला असेल, दुसरं काही कारण नाही. मी बाईंच्या खात्याची नक्कल काढली. वर नवं नाव घातलं. नवं फोल्डर जोडलं. तेवढ्यात कुणीतरी प्रिंटरसाठी हाक मारली.

कळलं ना तुम्हाला?

त्याच आठवड्यात बीजगणिताचा पेपर तपासायला बाईंच्या खणात गेला. त्यात बाप-लेकाच्या वयाचं एक उदाहरण होतं — वडील मुलाच्या तिप्पट वयाचे, दोघांच्या वयांची बेरीज पन्नास. बाईंनी ते अर्थातच सोडवलं आणि समासात लिहिलं, 'मुलगा साडेबारा वर्षांचा येतो, म्हणून बेरीज बावन्न केली आहे.' मुलगा तेरा, वडील एकोणचाळीस. फाइल खणात परत आली, बाईंचा फोन आला, पोचली म्हणून मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी क्लासच्या सरांनी ते उदाहरण फारच सोपं आहे म्हणून काढून टाकलं आणि ऑफिसच्या फाइलीत त्या जागी वेगळंच घातलं. बावन्नवालं उदाहरण आता जगात एकाच ठिकाणी उरलं होतं.

परीक्षेच्या सकाळी पेपर कल्याणच्या पोरांच्या मोबाइलवर फिरत होता. कॉम्प्युटरच्या पडद्याचे फोटो काढलेले, जरा तिरके. आणि चौथ्या प्रश्नात वडील आणि मुलगा, बेरीज बावन्न.

परीक्षा रद्द झाली. क्लासचे मालक नौपाड्यात यायला निघाले. तोवर ऑफिसात सगळ्यांना दोन गोष्टी कळल्या होत्या — फुटलेला पेपर बाईंच्या हातचा आहे, आणि बाईंची नात रुचा त्याच क्लासला, त्याच कल्याण शाखेत, दहावीला आहे. दुसरं काही कळायची गरजच कुणाला उरली नाही. प्रधान सर भला माणूस. त्यांनी मला बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "सुजाता, बाईंचं फोल्डर कोणाकोणाला दिसतं?"

मी म्हटलं, "फक्त बाईंना, सर. आणि मला."

सर कसनुसं हसले. "तुझ्यावर कोण संशय घेतंय?" म्हणाले.

इथवरचं सगळं खरं आहे. पुढचं मी स्वतःला इतकी वर्षं असं सांगत आले — की सरांनी विचारलं तेव्हा मला काही माहीतच नव्हतं. घाईत, सवयीने उत्तर दिलं. नंतर जाऊन बघितलं तेव्हा चूक कळली, पण तोवर बोलणं होऊन गेलं होतं, आणि मग माणूस कसा अडकत जातो तुम्हाला ठाऊकच आहे. बरी वाटते ना ही गोष्ट ऐकायला? मलाही बरी वाटते. गेल्या दोन्ही वेळा मी हीच गोष्ट लिहीत होते आणि याच ठिकाणी उठले होते.

खोटी आहे ती. क्रम उलटा आहे.

सरांनी बोलावण्याआधी अर्धा तास मी सर्व्हरच्या खोलीत होते. खोली कसली, पाण्याच्या फिल्टरमागची कपाटाएवढी जागा. फोटोतलं बावन्न बघितलं आणि मी थेट तिथे गेले, कारण बाईंना मी ओळखत होते. बाई कुणाला पेपर देणं शक्य नव्हतं — नातीला तर नाहीच. मग राहिलं कोण? मी यादी उघडली. कल्याण शाखेच्या नावासमोर दोन फोल्डरं. दुसरं बाईंचं. खूण तशीच.

सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. कोण आलं, किती वाजता, काय उघडलं, काय नेलं. मी ते वाचलं. कल्याण शाखेच्या खात्यातून, आठवडाभर आधी, भर दुपारी, बाईंच्या खणातून बीजगणिताची फाइल उतरवून घेतली होती. तिथे कुणी घेतली ते मला आजही माहीत नाही. पण वाट मी करून दिली होती आणि त्याचा पुरावा माझ्यासमोर, एका ओळीत, स्वच्छ होता. त्या एका ओळीने बाई सुटल्या असत्या. रुचा सुटली असती.

मी आधी खूण काढली. मग त्या नोंदी किती दिवस ठेवायच्या ते जिथे ठरवतात तिथे गेले. तीस दिवस होतं. मी दोन केलं. सर्व्हरने विचारलं, जुन्या नोंदी पुसल्या जातील, नक्की का? मी 'हो' दाबलं. ही काही घाईत झालेली चूक नव्हती. मी प्रश्न पूर्ण वाचला होता, मला चांगलं आठवतं आहे. बाहेर येऊन मी फिल्टरचं पाणी प्यायले, ग्लास विसळून पालथा ठेवला. मग सरांची हाक आली.

'आणि मला' का म्हणाले असेन मी? आपणहून? कारण तेवढं खरं सांगितलं की उरलेलंही खरं वाटतं. हे मला आधीपासून माहीत होतं, म्हणजे बघा.

नोकरी गेली असती का? नाही हो. सर चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, क्लासच्या मालकांसमोर मला मान खाली घालावी लागली असती. शिपायापासून सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, सुजाता चुकली. तेवढंच. ते एक वाक्य टाळायला मी हे केलं. सुजाताला विचार — हे मला हवं होतं.

पण मी जे सांगायला बसले आहे ते अजून हे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कल्याणहून ऑफिसात आल्या. स्टेशनपासून चालत आल्या असाव्यात, घामाने चेहरा ओला होता. इस्त्रीची साडी आणि हातात ती शंभर पानी वही. प्रधान सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. आमच्याकडे कुणी तोंडावर बोलत नाही, नुसते टेबलावरचे कागद सारखे करत राहतात. सर एवढंच म्हणाले की क्लासवाले आता बाईंकडून काम करून घ्यायला तयार नाहीत. बाईंनी मान हलवली आणि मग त्या माझ्या टेबलापाशी आल्या. वही उघडली, त्यांच्या आकडे घातलेल्या पायऱ्या माझ्यासमोर धरल्या आणि एकेका ओळीवर बोट ठेवत मला विचारलं.

"सुजाता, मी इथपर्यंत तर बरोबर केलं होतं. मग ओढताना माझ्या हातून दुसरीकडेच सुटली असेल का गं ती? भलतंच बटण दाबलं गेलं असेल का माझ्याकडून?"

त्या भांडायला आल्या नव्हत्या. मी नाही त्यातली, असं सांगायलाही आल्या नव्हत्या. आपलं कुठे चुकलं ते शोधायला आल्या होत्या, उदाहरणाचं उत्तर जुळलं नाही की पायऱ्या तपासतात तशा. आणि चूक सापडावी म्हणून त्या वाट बघत होत्या माझ्या तोंडाकडे. कारण चूक त्यांच्या हातून झाली असेल तर रुचावरचा आळ जात होता. तेवढंच त्यांना हवं होतं.

मी वहीकडे बघितलं. सगळ्या पायऱ्या बरोबर होत्या. घाबरू नये, असं लिहिलेलं होतं.

मी म्हटलं, "होऊ शकतं, बाई. होतं असं कधी कधी."

हे ते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सरांशी खोटं बोलले तो भित्रेपणा होता, तसले भित्रे लोक ऑफिसात भरपूर असतात. पण हे? सत्तरीकडे झुकलेल्या बाईला, जिने माझ्यावर भरवसा ठेवून यंत्राला हात लावला, तिला मी सांगितलं की तुझा हात चुकला. आणि तिने ते घेतलं. तिथल्या तिथे, माझ्याच टेबलावर, माझंच पेन मागून तिने क्लासच्या मालकांना पत्र लिहिलं — अजाणतेपणी माझ्या हातून चूक झाली, माझ्या नातीचा यात काही संबंध नाही, मी क्षमा मागते. खाली सही. वळणदार, शाळेतली. पत्र माझ्याकडे दिलं. "बघ गं, शुद्धलेखन ठीक आहे ना?"

मी वाचून ठीक आहे म्हटलं.

क्लासवाल्यांनी पत्र ठेवून घेतलं आणि रुचाला पुढची परीक्षा वेगळ्या खोलीत, एकटीला द्यायला लावली. मुलं तिला 'आजीचा पेपर' म्हणायची, हे मला पुढे कुणाकडून तरी कळलं. बोर्डात तिला उत्तम मार्क पडले. बाईंनी पेढे पाठवले, आठवणीने, ऑफिसातल्या सगळ्यांसाठी. माझा पेढा मी रुमालात गुंडाळून घरी नेला आणि तो फ्रिजमध्ये वाळून गेला.

त्यानंतर बाईंचा फोन कधी आला नाही. कशाला येईल? खणात टाकायचंच काही उरलं नव्हतं. ऑफिसात मात्र मी परमिशनच्या बाबतीत फार कडक झाले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळी यादी काढून एकेक चौकट तपासते, नक्कल तर कधीच काढत नाही. प्रधान सर नव्या लोकांना माझं उदाहरण देतात — काटेकोरपणा शिकायचा तर सुजाताकडून. मी ऐकून घेते.

यंदा दिवाळीनंतर सर्व्हर बदलला. जुन्यावरचं सगळं नव्यावर न्यायचं होतं. यादीत बाईंचं फोल्डर होतंच. इतकी वर्षं मी ते ना पुसलं होतं, ना उघडलं होतं. उघडलं. आत एकच फाइल. समासात, 'मुलगा साडेबारा वर्षांचा येतो.' मी ठरवलं. शनिवारी सकाळी कल्याणला गेले — सांगायला. सगळं, क्रमाने, खुणेपासून. मनात वाक्यं लावत जिना चढले. खालचं दुकान तेच, ठसकाही तोच.

बाई खूप वाळल्यात. मला बघून इतका आनंद झाला त्यांना की माझी पहिली दोन वाक्यं तिथेच गेली. सून बाजारात गेली होती. बाईंनी स्वतः चहा केला, डब्यातला उरलेला चिवडा काढला. रुचा शिकायला जर्मनीला गेली आहे, सांगताना त्यांचा चेहरा फुलला होता. टेबलावर एक टॅब होता, वर विणलेला रुमाल. रुचाने आजीसाठी घेऊन दिलेला, रोज बोलता यावं म्हणून. मी म्हटलं, "छान. रोज बोलता मग?"

"सून घरी असली की," बाई म्हणाल्या. "मी नाही हात लावत. माझ्या हातून काय होतं माहीत आहे ना तुला."

हे त्या हसत म्हणाल्या. मी आता बोलते, असं मनाशी म्हटलं. चहाचा कप खाली ठेवला. आणि टॅब वाजायला लागला.

पडद्यावर रुचाचा फोटो, खाली हिरवं वर्तुळ. बाई उठल्या, रुमाल बाजूला केला. त्यांचं बोट त्या वर्तुळापर्यंत गेलं. मी बघत होते. अगदी जवळ गेलं आणि मागे आलं. पुन्हा गेलं, पुन्हा मागे आलं. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरला. टॅब वाजून वाजून थांबला. "करते ती परत," बाई म्हणाल्या, "एकदा तर सुनेला यायला उशीर झाला नि चार वेळा वाजला बघ." लॉकडाऊनमध्ये जगातल्या आज्या हे शिकल्या. माझ्या बाई नाही शिकल्या. नऊ वर्षं त्या नातीचा फोटो बंद होताना बघतायत —

नाही. नऊ नाही, रुचा दोन वर्षांपूर्वी गेली. बघा, आताही मला वाढवून सांगावंसं वाटतं, म्हणजे निदान पश्चात्ताप तरी मोठा दिसेल.

पुन्हा वाजला. बाई माझ्याकडे वळल्या. मी हिरव्या वर्तुळावर बोट ठेवलं. रुचा दिसली, लोकरीची टोपी घातलेली, आणि ओरडलीच. "आजी! तू घेतलास? तू स्वतः घेतलास?"

"नाही गं बाळा," बाई म्हणाल्या, "आपली सुजाता आली आहे ना." आणि माझ्या मनगटावर हात ठेवून तिला दाखवत म्हणाल्या, "हिचा हात असला की काही चुकत नाही."

त्यानंतर अर्धा तास मी तिथे होते. त्या दोघी बोलत होत्या, मी मधेमधे हसत होते. रुचाने मला विचारलं, ताई, कशा आहात? मी मजेत म्हटलं. सून आली, भाजीची पिशवी ठेवली, पुन्हा चहा झाला. सांगायला गेले होते ते मी सांगितलं नाही.

निघताना बाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, पोचलीस की फोन कर. ठाकुर्लीला उतरल्यावर मी केला. सुनेने घेतला आणि त्यांच्या कानाला लावला.

"पोचले, बाई," मी म्हटलं.